हळू वाजवायचं घर

मी बोलतोय, पण जरा कान जवळ आणा. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. सवय कसली, माझा जन्मच मुळी दुसऱ्याचा आवाज दाबायला झालाय. मी म्यूट. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, त्या घोडीवर बसवतात तो काळा रबरी ठोकळा. असेन अंगठ्याएवढा. मी बसलो की तारांची थरथर वाद्याच्या पोटापर्यंत पोचत नाही, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही की इथे कुणी वाजवतंय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मला केलं म्हणे. माझ्या नशिबी मात्र मालवणजवळची तोंडवली आली, जिथे समुद्रच दिवसभर बोंबलत असतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

मला मागवलं गुरुदासनं. आधी तो मासेमारीला जायचा. पाठ गेल्यावर त्यानं होडी भावाला दिली आणि घरामागे पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या. बायको सावित्री सुरमई तळायची, सोलकढी करायची, आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे दुपारी तुडुंब जेवून आडवे व्हायचे. मुलगी रसिका, बारावी झालेली. ती पडवीत बसून व्हायोलिन वाजवायची.

चांगलं वाजवायची. मी तेव्हा नव्हतो, पण व्हायोलिनच्या पेटीत मुक्काम असला की जुन्या गोष्टी कानावर येतात. जाळी विणणारी माणसं तिला फर्माईश करायची. एखादा सूर ढळला तर सावित्री स्वयंपाकघरातून "हूं" करायची, तिला शास्त्र ठाऊक नव्हतं तरी. पोरीला पुढे संगीत महाविद्यालयात जायचं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग एका पाहुण्यानं जाताना फोनवर लिहिलं, जेवण उत्तम, समुद्र जवळ, पण दुपारी व्हायोलिनचा त्रास. पाचातले दोन तारे दिले. चार दिवस गुरुदासनं ते शंभरदा वाचलं, आणि पाचव्या दिवशी मी पाकिटातून बाहेर आलो.

त्यानं मला स्वतःच्या हातानं घोडीवर बसवलं. "आता वाजव बघू." रसिकानं तारांवर गज ओढला. कपाटात कोंडलेल्या माणसानं गुणगुणावं तसा आवाज निघाला. गुरुदास पाहुण्यांच्या खोलीत जाऊन उभा राहिला, खूश होऊन परत आला.

"बेस झाला. माका पण आयकाक येणा नाय."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. मला तर भारीच वाटलं, पहिल्याच दिवशी शाबासकी. तेव्हा मी नवा होतो, अक्कल कमी.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मी घोडीवरून उतरलोच नाही. खोल्या रिकाम्या असल्या तरी उतरलो नाही, कारण पाहुणे कधी टपकतील सांगता येत नसे. पोर दार लावून वाजवायची. जाळीवाले विचारीनासे झाले, सावित्रीचं "हूं" बंद झालं. आणि मला हळूहळू एक कळायला लागलं, ते सांगतो. स्वतःचा आवाज पुरेसा ऐकू आला नाही की माणूस जोर लावतं. रसिका गज दाबायला लागली. रोज थोडा जास्त. माझ्या आडोशानं तिचा हात जड होत गेला आणि मी ते झाकत राहिलो. मी होतो म्हणून ते कुणाला दिसलं नाही, तिलासुद्धा.

दिसलं ते समदचाचांना. हे तिचे गुरू. तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, तिथे एका गोवेकराकडून व्हायोलिन शिकले आणि निवृत्तीनंतर मालवणात शिकवायला लागले. आठवड्यातून एकदा ती त्यांच्याकडे एसटीनं जायची, तीही मला घोडीवर तसाच ठेवून. जानेवारीत एकदा त्यांनी मला उपटून टेबलावर ठेवलं आणि तिला वाजवायला सांगितलं. दोनच गज मारले असतील तिनं, चाचांनी हात वर केला.

"हात जड झालो गो तुजो. तुका तुजोच सूर आयकाक येणा नाय, म्हणान दाबतंस. ह्यां बूच काढ. परीक्षेच्या आदी म्हयनोभर तरी उघड्यान वाजव."

बूच! मला असं कुणी म्हटलं नव्हतं. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता.

संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला. गुरुदास काही वाईट माणूस नाही हो. त्यानं ऐकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीभर रेघ मारली. "एक पण पावणो घेवचंय नाय. तुका होया तितक्या वाजव." पोरीचा चेहरा काय खुलला होता. माझ्याही जिवात जीव आला, कामावरून सुट्टी मिळाल्यासारखा.

पण आंगणेवाडीच्या देवीच्या जत्रेची तारीख काही कॅलेंडरात छापलेली नसते. देवीला विचारून गाव ठरवतं तेव्हाच ती कळते. त्या वर्षी ती पडली फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात. तारीख फुटली तशी मुंबईहून फोनवर फोन. भरडे म्हणून एक कुटुंब, आतेभावाचे शेजारी, कुणाचे कोण. गुरुदासनं फोन कानाला धरून कॅलेंडरकडे पाहिलं, आणि पाहता पाहता "येवा" म्हणाला.

सावित्री भडकली. "चेडवाची परीक्षा आसा, इसारलात?"

"देवीच्या जत्रेक येणाऱ्याक नाय कसा म्हणू? चार दिसांचीच गोष्ट. मगे वाजवीत तां."

जत्रेला येणाऱ्याला ह्या भागात कुणी परत पाठवत नाही, घरात जागा असो नसो. रसिकाची खोलीसुद्धा दिली. आणि जत्रा झाली तरी माणसं हलेनात. आलोच आहोत तर दोन दिवस मासे खाऊ, डॉल्फिन बघू. एक गेले की दुसरे. महिना तसाच गेला.

पोरीनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. सुरूच्या बनात वाद्य घेऊन गेली, तर पर्यटक फोन उगारून भोवती उभे. चाचांकडे जावं तर ते डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडे रत्नागिरीला. शेवटी एका सकाळी पाहुणे किल्ल्यावर गेल्याचं बघून तिनं मला काढलं आणि गज टेकवला. किरकिर झाली. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. तिनं दचकून दाराकडे पाहिलं, आणि मला उचलून परत घोडीवर बसवलं. त्या दिवशी मला बापानं नाही, तिनं बसवलं. मला तेव्हाच कळून चुकलं, आता काही खरं नाही.

पुण्यात तीन परीक्षक होते. दहा मिनिटं काहीही वाजव म्हणाले, आम्हाला तुझा सूर ऐकायचाय. ती वाजवायला लागली आणि सूर चिरडला. ती थांबली. मी तिच्या घामेजल्या मुठीत होतो.

"सर, म्यूट लावून वाजवू?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्या बाई समजूतदारपणे म्हणाल्या, "बाळ, मग आम्हाला काय ऐकू येणार? बरं, वाजव."

आणि तिनं वाजवलं, काय सांगू. सगळी भीती गेली. इतकं गोड तिनं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. परीक्षकांचं टेबल सहा हातांवर होतं. बाई पुढे वाकल्या, कानामागे हात धरला, मग हळूच मागे टेकल्या. ते सगळं मी गिळलं. माझं कामच ते. पण मला त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. तिथे काय होतं ते ऐकणारा मी एकटा, आणि मला कोण विचारतो.

निवड झाली नाही. महिनाभरानं भर दुपारी, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना, गुरुदास तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काढ तां. उघड्यान वाजव. उठले तर उठांदेत."

"नको बाबा."

"कित्याक गो?"

"माजो हात आता पयल्यासारको रवलो नाय."

तो पाहुण्यांचा चहा टाकायला गेला.

आता रसिका बुकिंग बघते. हॉटेलिंगचा कोर्स केला, पाहुण्यांशी छान बोलते. जेवायच्या पडवीत भिंत मोकळी दिसते म्हणून तिनंच खिळा ठोकला आणि व्हायोलिन टांगलं. तारांना गंज चढलाय. मी अजून घोडीवर आहे, खाऱ्या हवेनं चिरत चाललोय. पाहुणे आमच्यासोबत फोटो काढतात. कुणाच्या घरात माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला अधूनमधून उतरवत जा, एवढंच सांगतो. माझ्यासाठी काही मागत नाही, मागून उपयोग नाही.

परवा एका छोट्या मुलीनं जेवता जेवता वर बोट केलं. "ताई, हे मध्ये काळं काय बसलंय? काढू?"

रसिका ताटं उचलत होती. तिनं मान वर केली नाही.

"ते व्हायोलिनचंच असतं," ती म्हणाली. "राहू दे."