गाव थंड करणारी म्हैस

मोजिलिपच्या पदरात पडायचं होतं ते असं: उपमंत्रिपद, झेंड्याची गाडी, राजधानीत बंगला. आमच्या गावाला नदीवरचा पूल. त्यासाठी त्याने फक्त बाजू बदलायची होती. निवडणुकीत बहुमत कुणालाच नव्हतं. सात पक्षांची मोळी बांधूनही सरकारला एक खासदार कमी पडत होता. तो एक आमचा.

अडचण एवढीच, की प्रचारात माझ्याच कॉफीच्या दुकानापुढे बाकावर चढून तो गरजला होता, "मी उडी मारली, तर मला बेडूक म्हणा!" आमच्या साबाहात, मलेशियाच्या या कोपऱ्यात, पक्ष बदलणाऱ्याला बेडूकच म्हणतात.

त्याने उडी मारली. तो गेला राजधानीला. पोरं 'डराव डराव' करायची ती त्याच्या बायकोच्या, जुस्तिनाच्या, मागे. तिने बाजाराला येणंच सोडलं.

शपथ घेऊन तो गावी आला, तेव्हा त्याची सासू रुंगिता सभाघरात बसूनच होती. गावची रूढी तीच सांभाळते.

"जावईबापू, शब्द मोडलात. गावाला धग लागली. सोगित द्या. एक म्हैस."

सोगित म्हणजे गाव थंड करायचा दंड. चूक कबूल करायची, म्हैस कापायची, सगळ्यांनी जेवायचं. मग त्या चुकीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"अहो, पण मी पूल आणला!"

"पूल नदीसाठी. म्हैस शब्दासाठी."

"सासूबाई, मी चूक कबूल केली की उद्या पेपरात फोटो. मंत्रिमंडळात ठेवतील मला?"

"मग राहा बेडूक."

"राहतो. ओरडणाऱ्या पोरांना कुठे मत आहे?"

"त्यांच्या आयांना आहे," मी मागून म्हणालो. सभाघर हसलं. जुस्तिना हसली नाही. ती उठली.

"म्हैस माझी आहे. मी देते."

मोजिलिपचा चेहरा उजळला. "बघा! घरातल्या कुणीही दिली तरी चालते ना?"

"तुमच्या चुकीची नाही देत," ती म्हणाली. "माझ्या चुकीची. असा नवरा केला, ही माझी चूक."

सगळे रुंगिताकडे बघू लागले. हे लग्न तिनेच जुळवलं होतं. तोंडातली सुपारी थुंकून ती म्हणाली, "गावाला मान्य आहे."

नांगर ओढणारी म्हैस गेली, म्हणून त्या वर्षी जुस्तिनाने भातखाचरं कुदळीने उकरली. मोजिलिपला नवी म्हैस घेऊन देता येईना. गाव म्हणालं असतं, कबुली दिली.

आठव्या महिन्यात मोळीतले दोन पक्ष सुटले, सरकार पडलं. मोजिलिप बसने घरी आला.

तर आता गोळाबेरीज. गाडी गेली, बंगला गेला. पुलाचे दोन खांब उभे आहेत, त्यांवर बगळे बसतात. मांस आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मला चांगला मांडीचा तुकडा आला होता. जुस्तिना बाजारात ताठ मानेने येते, नवऱ्यावरून तिला कुणी काही बोलत नाही. किंमत तिने मोजली. मोजिलिपची म्हैस अजून येणे आहे.