शिसवी चाकांची पैज

औंढे गावच्या अपेक्षाने पैज लावली, ती आजोबांना, म्हणजे आबांना, न विचारता. रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या उतारावरून दोन लाकडी गाड्या सोडायच्या. धक्का द्यायचा नाही. ज्याची गाडी मागे राहील त्याने तिची चारही चाकं काढून द्यायची. सातची वेळ अपेक्षानेच ठरवली.

समोर समर्थ होता. त्याच्या गाडीला मोडक्या खेळण्याची प्लॅस्टिकची चाकं होती. अपेक्षाची चाकं शिसवी. सुतारकाम करणाऱ्या तिच्या आबांनी तीन दिवस बसून कातलेली. दिसायला देखणी, पण सळईच्या आसावर अडखळायची. आधीच्या दोन्ही शर्यती ती हरली होती.

शनिवारी आबा जेवायला बसल्यावर तिने त्यांची चपटी पेन्सिल पळवली. आस पॉलिश पेपरने गुळगुळीत केले, पेन्सिलीच्या सगळ्या शिशाची भुकटी केली आणि चाकांच्या भोकांत चोळली. चाक बोटाने फिरवलं तर थांबेना.

तेवढ्यात कुंपणापाशी समर्थचं डोकं दिसलं. अपेक्षाने खोबरेल तेलाची बाटली उचलली आणि चाकांवर उपडी धरली. मग गाडी फळीवरून सोडली. गाडी अंगण ओलांडून तुळशीपर्यंत गेली. समर्थ पळत घरी गेला. बाटलीला झाकण होतं, ते कुंपणावरून दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी गार वारा होता. समर्थची मोठी बहीण कोमल खडू घेऊन पंच म्हणून उभी राहिली.

"सोडा!"

अपेक्षाची गाडी उतार संपवून झेंड्याच्या खांबापर्यंत गेली. समर्थची वीतभर सरकली आणि उतारावरच उभी राहिली. चाकांभोवती पांढरा थर होता.

"ह्ये काय झालं?"

"गोठलंय खोबरेल," कोमल म्हणाली. "आख्खी बाटली वतलीस की राती."

"तुला म्हाईत व्हतं?"

"थंडीत आई रोज बाटली चुलीपाशी ठिवती, मग माजी येनी घालती. तुज्या टकुऱ्यावर केसच न्हाईत, तुला कुटनं कळनार?"

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"बाटली माजी व्हती."

अपेक्षा आठ चाकं घेऊन घरी आली. आबा कानामागे हात नेऊन चाचपत होते.

"अपे, माजी पेन्सिल?"

तिने गाडी पुढे केली. आबांनी शिसवी चाकात बोट घातलं. ते काळं झालं. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या चाकांकडे पाहिलं.

"ही कुनाची?"

"समर्थची. जिकली."

"आन् हारली असतीस तर काय दिलं असतंस?"

आबांनी चारही शिसवी चाकं काढून खिशात टाकली.

"पेन्सिल आन. चाकं ने."

तसली पेन्सिल लोणावळ्यालाच मिळते. आणि समर्थचे वडील दर रविवारी बाजाराला लोणावळ्याला जातात. अपेक्षाने पेन्सिलीच्या बदल्यात द्यायला प्लॅस्टिकची चाकं उचलली आणि ते निघायच्या आत समर्थचं घर गाठलं.