लाल गाडीचा उसासा

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या फाटकासमोर दोनशे माणसं जमली होती आणि त्यातलं एकही आजारी नव्हतं. निदान अंगाने तरी नव्हतं.

सगळे एका गाडीची वाट बघत होते. लाल, दोन सीटांची, चाळीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. ती येणार, बरोबर फाटकासमोर आचके देणार आणि बंद पडणार, हे मागचे दोन रविवार लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडीचा मालक तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेला होता. त्याची बायको याच हॉस्पिटलात नर्स होती. तो गेला तेव्हा ती ड्युटीवर होती. आता एवढं सगळं जुळून आल्यावर लोकांना आणखी काय हवं?

नर्स फाटकाला पाठ लावून उभी होती. मेलेल्यांचा श्वास ऐकू येतो म्हणणाऱ्या श्वासबाबांचा हुकूमच होता तसा, युनिफॉर्म घालून, मान खाली घालून उभं राहायचं. समोर सासू, तिच्या कडेवर नर्सची चार वर्षांची मुलगी. मुलगी आईकडे झेपावत होती आणि सासू तिला मागे ओढत होती. आज गाडी तिसऱ्यांदा इथेच थांबली तर सुनेने घर सोडायचं आणि मुलगी आजीकडे राहील, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं? मेलेल्या माणसाने, बाबांच्या तोंडून.

"हिच्यामुळेच गेला हो," मागून एक बाई म्हणाली. "लोकांना इंजेक्शनं टोचत बसली, आणि घरी नवरा..." नर्सने ऐकलं. ऐकू जावं म्हणूनच बोलली होती ती.

गाडी आली. चालवत होता धाकटा दीर, शेजारी बाबा. फाटक वीस पावलांवर असताना इंजिनाने एक उचकी दिली, मग दुसरी, आणि गाडी गप्प झाली. गर्दीच्या तोंडून "अरे बापरे" बाहेर पडलं.

बाबा उतरले. डोळे मिटलेले, दाढी विंचरलेली, आवाज तुपात घोळलेला. "सहा किलोमीटर तो मुकाट येतो," ते म्हणाले. "इथं आला की त्याचं काळीज थांबतं. त्या दिवशी थांबलं होतं तसंच! आता मी त्याला मोकळं करतो. ऐका, तो उसासा टाकेल."

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की आतून 'हाऽऽस्' असा आवाज यायचा, हेही लोकांनी दोनदा ऐकलं होतं. मग बाबा टाकीच्या तोंडाशी काहीतरी पुटपुटायचे आणि गाडी सुरू व्हायची. पहिल्यांदा तो आवाज ऐकून सासू जागीच कोसळली होती. नर्सलाही रडू फुटलं होतं. खोटं कशाला बोला, तिलाही क्षणभर वाटलं होतं की तो आहे, आणि रागावलेला आहे.

पण बुधवारी वॉर्डात एक गंमत झाली. काचेच्या बाटलीतली सलाइन लावताना ती हवेची सुई टोचायला विसरली. चार थेंब पडले, पाचवा पडेना. तिने सुई खुपसली. बाटलीत हवा शिरली, बुडबुडे उठले, थेंब सुरू. दहा वर्षं हे काम करणारी बाई त्या बाटलीकडे खुळ्यासारखी बघत राहिली. घरी येऊन तिने रात्री टाकीचं झाकण निरखून पाहिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

बाबांनी झाकणाकडे हात नेला तशी ती पुढे झाली. "थांबा. झाकण मी उघडते."

"दूर हो! ह्या हाताने?"

"तो माझ्यासाठीच थांबतो ना? मग मला बोलू द्या त्याच्याशी."

गर्दीला हे पटलं. तमाशा वाढतोय म्हटल्यावर गर्दीला काहीही पटतं. तिने झाकण फिरवलं. 'हाऽऽस्.' सासूने डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, मारा स्टार्टर."

"वहिनी, पण बाबांनी मंत्र..."

"मारा म्हणते ना!"

दोन-तीन घरघरी झाल्या आणि इंजिन धडधडायला लागलं. बाबा गडबडले, पण सराईत माणूस तो. "माझी सावली पडली ना टाकीवर!"

"असेल," नर्स म्हणाली. "मग तुम्ही गाडीतच बसा. भाऊजी, समोरच्या पंपावर टाकी गच्च भरा, दर रविवारी निघताना भरता तशीच. झाकण घट्ट लावा, आणि पुढे सरळ सहा किलोमीटर जा. पुढे हॉस्पिटल नाही, मी नाही. बघू तो कोणावर रागावतो ते."

बाबांना अचानक एका भक्ताकडे जायची घाई झाली. पण लोकांनीच त्यांना गाडीत कोंबलं. मागोमाग स्कूटर, रिक्षा, सायकली. सासूला आणि मुलीला कोणीतरी मोटारीत घेतलं, नर्स एका रिक्षात चढली.

साडेपाच किलोमीटरवर उचकी, सहाव्यावर गाडी ठप्प. थांबली ती सार्वजनिक शौचालयासमोर.

आधी एक जण हसला. मग सगळा रस्ता. "बाबा, हा इथं का थांबला हो? पोट बिघडलं की काय आत्म्याचं?"

नर्सला हसू आलं नाही. तिने झाकण उघडून लोकांसमोर धरलं. "ह्याला एक बारीक भोक आहे. पेट्रोल जेवढं खर्च होतं तेवढी हवा ह्यातून आत यायला हवी. भोक बुजलंय. टाकी गच्च भरलेली, आत हवेला जागा इवलीशी. सहा किलोमीटरचं पेट्रोल जळलं की आत ओढ इतकी वाढते की इंजिनाच्या पंपाला पेट्रोल खेचताच येत नाही. झाकण उघडलं की हवा आत घुसते. तो तुमचा उसासा. गॅरेजवाल्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर दोनदा धुतला, पण झाकण कोण बघतो? ह्या बाबाने बघितलं. म्हणून तर निघताना झाकण घट्ट लावायचा आणि वाटेत उघडू नका म्हणून बजावायचा."

तिने खिशातली सेफ्टी पिन काढून भोकात घातली. पांढऱ्या मेणाची एक लांब वळी बाहेर आली.

इथे ती गप्प राहू शकली असती. नाही राहिली.

"हे मेण तुमचं आहे, आई. त्याचा हात लागलाय म्हणून रोज सकाळी ह्या झाकणाला पॉलिश चोळता ना तुम्ही? ते पॉलिश आहे हे."

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. दोनशे माणसं आता तिच्याकडे बघत होती, मघाशी सुनेकडे बघत होती तशीच.

गाडी घट्ट झाकणानिशी पुन्हा निघाली, पंधरा किलोमीटर फिरून आली, कुठे म्हणून अडली नाही. तेवढ्या वेळात बाबांना दोन-चार थपडा बसल्या होत्या. त्यांनी शौचालयात शिरून आतून कडी लावली. मघाशी पाया पडणारेच आता दार बडवत होते. मघाशी 'इंजेक्शनं टोचत बसली' म्हणणारी बाई तर थेट नर्सच्या पायांवर आली. "ताई, तुमच्या हातात काहीतरी आहे हो. आमच्या सुनेला झटके येतात, एकदा हात फिरवा!"

"सुनेला डॉक्टरकडे न्या," नर्स पाय मागे घेत म्हणाली, "आणि उठा. शोभत नाही."

तिने सासूच्या कडेवरची मुलगी घेतली. ह्या वेळी कोणी मागे ओढलं नाही.

"चुकलं ग माझं," सासू रडत म्हणाली. "त्या मेल्याने फसवलं आपल्याला. चल घरी."

"त्याने गाडीबद्दल फसवलं, आई. गाडीतलं तुम्हाला कळत नाही, ते मी समजू शकते. पण मी? सहा वर्षं एका घरात जेवलो आपण. मी कशी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझी मुलगी काढून घ्यायला निघालात, आणि एकदाही विचारलं नाहीत की बाई, हे खरं कशावरून?"

ह्यात तमाशा नव्हता, म्हणून गर्दी दार बडवायला परत गेली.

'कशावरून?' एवढा एकच शब्द विचारायचा असतो. त्याला ना पैसे पडतात, ना शिक्षण लागतं. दोनशे जणांतल्या एकाने पहिल्या रविवारी तो विचारला असता, तर एका पोरीला आजी उरली असती.

नर्सने रिक्षाला हात केला आणि माहेरचा पत्ता सांगितला.