मुखपृष्ठावरचे हात

माझ्या स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काय असावं, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे हे, शरदचंद्र, अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात अधिकारी. त्यांचं म्हणणं, आतल्या काड्या मोजून काडेपेटी कुणी घेत नाही, वरचा वाघ बघून घेतात. तेव्हा पुस्तकावरही नथ घातलेली, भरलं ताट हातात धरलेली गोरीपान बाई हवी.

"तिला स्वयंपाकच येत नसला तर?" मी विचारलं.

"चित्रातल्या बाईला सगळं येतं," असं म्हणून ते पान लावायला बसले.

मला मात्र माईचे हात हवे होते. माई म्हणजे माझी आई. पुस्तकातला पदार्थ न् पदार्थ तिचा, मी फक्त लिहून काढलं. दुपारी डोळा लागता लागता मला नेहमी एकच दिसतं: बदलापूर गावातलं आमचं स्वयंपाकघर, कौलांतून उतरलेला उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारं पीठ, आणि करंजीला मुरड घालणारे दोन हात. कुठूनतरी बारीक किणकिण येत असते. ती कसली, हे मला कधीच कळलं नाही. भांडी असतील, नाहीतर देवघरातली घंटा. हातांच्या वरचा चेहरा दिसायच्या आत जाग येते.

मी हे बोलून दाखवल्यावर ह्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मी जेमतेम बोलायला लागले होते तेव्हाच माझे वडील गेले. तेव्हापासून माईचं कपाळ मोकळं आणि हातही.

"ओक्याबोक्या हातांचं पुस्तक रुखवतात कोण मांडेल, कुमुदिनी?" ह्यांनी हळूच विचारलं.

मला संताप आला. तिच्या हातच्या करंज्या चापताना कुणाला ते हात ओकेबोके वाटले नव्हते! मी हट्टालाच पेटले आणि शेवटी ह्यांनी कॅमेरा काढला. "तोंड सोडून हातांचा फोटो! बरी थट्टा चालवलीत माझी," असं पुटपुटत माईनं करंजी हातात घेतली. पहिला नमुना तुलाच दाखवीन, असा शब्द मी तिला दिला.

उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये टहिलरामचा छापखाना होता. बराकीच्या अर्ध्या खोलीत यंत्र आणि अर्ध्या खोलीत संसार, त्यामुळे शाईचा वास नि भाजलेल्या पापडाचा वास एकमेकांत मिसळून गेलेले. रंग दोनच घ्यायचे ठरले होते, हळदीचा पिवळा आणि कढीलिंबाचा हिरवा. पेंटरनं फोटोवरून चित्र काढलं, ब्लॉक तयार झाला आणि टहिलरामनं मला बोलावणं धाडलं.

पिवळ्या कागदावर अगदी माईचेच हात होते. बोटांची पेरं, मनगटावरचा जुना चटका, बारीक मुरड, सगळं जिथल्या तिथे. आणि चटक्याच्या जरा वर, दोन्ही हातांत, हिरव्यागार बांगड्या.

"हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलेच.

"अदी, फोटो में चूडी नहीं आई थी ना," टहिलराम कौतुकानं म्हणाला. मला तो बहीण मानून अदीच म्हणायचा. "पेंटरला मी बोलला, सुहागन का हाथ है, खाली कैसे छोडेगा? हरा रंग तो था ही."

"माझ्या आईचे हात आहेत ते. माझे वडील नाहीत."

टहिलरामनं यंत्र थांबवलं आणि दोन्ही कान पकडले. "माफ करना, अदी. कल के कल घिसके देतो."

नमुना पदराखाली धरून मी बदलापूरला गेले. उन्हं कलली होती, नदीकडून वारा येत होता आणि माई मागल्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. जिच्या मानासाठी भांडले, तिलाच हे दाखवायचं होतं.

"रागावू नकोस, माई. चूक झालीय. उद्या खोडून टाकतील."

तिनं हात पुसून कागद घेतला. बराच वेळ पाहिला. मग एका बांगडीवरून बोट फिरवलं.

"बरोबर काढल्यात गं," ती म्हणाली. "मी अशाच वर सारायची. करंज्या करताना तू मांडीला डोकं टेकून निजायचीस. जाग येईल तुला, म्हणून कोपराकडे ढकलायची. तरी वाजायच्याच मेल्या."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतकी वर्षं मी त्या आवाजाला भांडी म्हणत होते, घंटा म्हणत होते.

"कुमे, ह्या खोडणार म्हणालीस?"

"तू सांगशील तसं."

माईनं आपली मनगटं पदराआड घेतली आणि कागद मांडीवर नीट पसरला.

"राहू देत," ती म्हणाली. "कागदावरच्या आहेत. ह्या फोडायला कुणी यायचं नाही."