विंगेतून आलेलं वाक्य

रुपाबाईनं तोंडाला रंग लावला तो तब्बल अकरा वर्षांनी. एके काळी कामरगावात महिला मंडळाचं नाटक म्हटलं की रुपाबाई, आणि रुपाबाई म्हटलं की हसून हसून बायांचे पदर डोळ्यांना. पुढं तिचे मालक गेले आणि तिनं नाटकाचं नावच टाकलं. या श्रावणात तिची बाळमैत्रीण हेमला दारात येऊन बसली. मंडळाची नाटकं हेमलाच लिहायची, हेमलाच बसवायची.

"किती वर्सं घरात तोंड घालून बसशीन वं? हसरं नाटक हाय. 'सासूचा उपास'. सासू तुयाबिगर कोन करन?"

रुपाबाईनं आपल्या सासूकडं पाहिलं. भागिरथाबाई बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाय ना बाई. घरात तं हसनं राह्यलं नाई, लोकाइले तरी हसव."

रुपाबाईच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती जगात एकट्या हेमलाला ठाऊक होती. मालकांच्या दुखण्यात तिनं सोळा सोमवार धरले होते. त्या व्रताला मिठाचा कण चालत नाही. चौदाव्या सोमवारी, दोन दिवसांच्या जागरणानं डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून तिनं कागदातली दोन भजी खाल्ली. गुरुवारी मालक गेले. आपल्याच हातानं झालं, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. हेमलाच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं ते एकदाच सांगितलं होतं. कोणाला सांगणार नाही म्हणून हेमलानं महादेवाची आन घेतली होती.

नाटक श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी, महादेवाच्या देवळातल्या सभामंडपात. सकाळी हेमला म्हणाली, "शेवटचं पान नवं लिवलं. तालमीले टाइम नाई. मी विंगेतून सांगतो, तू बोलत जाय."

यात नवं काही नव्हतं. मंडळाची निम्मी नाटकं अशीच पार पडायची. रुपाबाईचा कान तर असा तयार, की वाक्य कानात पडायचा अवकाश, तोंडातून बाहेर. अर्थ मागाहून पोचायचा.

पडदा उघडला. रुपाबाई कमरेत वाकून आली, सुनेच्या हातची साबुदाण्याची खिचडी हुंगून तिनं नाक मुरडलं, आणि मंडपात पहिला हशा उसळला. तिला वाटलं, महादेवा, हे मी कसं सोडून बसले होते? पुढच्या रांगेत भागिरथाबाई बोळकं उघडं टाकून हसत होत्या.

शेवटचं पान आलं. उपासाची सासू चोरून खाताना सुनेला सापडते आणि कबुली देते.

"लय भूक लागली होती वं माय," विंगेतून आलं.

"लय भूक लागली होती वं माय!" रुपाबाई पोट धरून म्हणाली. हशा.

"दवाखान्याच्या जिन्यावर बसली, इकडं पायलं, तिकडं पायलं."

तेही तिच्या तोंडून गेलं. आणखी हशा.

"म्हटलं, महादेवाचं ध्यान थोडंच हाय माह्यावर!"

हे बोलून झाल्यावर ते तिच्या कानात शिरलं. हे तिचंच होतं. मांडीवर डोकं ठेवून बोललेलं, शब्दाला शब्द. तोवर "दोनच भजे खाल्ले" आलं आणि सवयीच्या जिभेनं तेही बोलून टाकलं. टाळ्या पडल्या.

"अन् गुरुवारी म्हैस मेली!"

हे मात्र तिनं उचललं नाही.

"म्हैस मेली, रुपा! बोल ना!" हेमलाचा आवाज एवढा चढला, की बाया त्यालाही हसल्या. वहीच्या ओळीवर बोट ठेवून ती हौसेनं मान हलवत होती.

"म्हैस नाई," रुपाबाई सावकाश म्हणाली. "मालक गेले."

मंडप फुटला. असा हशा त्या देवळानं कधी ऐकला नसेल. भागिरथाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि बायांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर गेल्या.

पडदा पडताच हेमला येऊन गळ्यात पडली. "काय वाक्य टाकलं वं! लोकं लोळले!"

"तू आन घेतली होती, हेमला."

हेमलाचे हात खाली आले. "मी कोनाचं नाव घेतलं का? मालकाच्या जागी म्हैस घातली ना मी! येवढ्या वर्साची गोष्ट, वाटलं आता तूबी हसशीन."

"मी हसन?"

"अन् मालकाचं मी नाई बोलली. ते तूच बोलली, चारचौघात."

रंगलेल्या तोंडानंच रुपाबाई घराकडं निघाली. वाटेत दोघीतिघींनी थांबवून "लय हसवलं वं बाई" म्हटलं. तिनं हात जोडले.

भागिरथाबाई दारातच बसल्या होत्या.

"आत्याबाई, ते भजे..."

"भज्याचं सोड." म्हातारीचा आवाज बारीक झाला होता. "उपाशी बाईनं दोन घास खाल्ले म्हनून महादेव कोनाचा जीव घेत नसते. येवढं तं मलेबी समजते."

रुपाबाई वाकून पायाशी बसू लागली, तशा त्यांनी पाय मागं घेतले.

"माहा लेक गेला, रुपा. अकरा वर्सं एका चुलीचं खाल्लं आपन, एका दिव्यापुढं हात जोडले. अन् पोटातलं सांगाले तुले हेमला भेटली. मले ते मंडपात समजलं, हसता हसता."

त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. आतून हाक येईल म्हणून रुपाबाई बराच वेळ उंबऱ्याबाहेर बसून राहिली.