तपासणीचं कार्ड

"मग अंडी काय त्या शेजाऱ्यानं घातली?"

काजवाल्या आजीनं असं विचारलं आणि वर्गशिक्षिका बाईंच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. नात बाकाच्या टोकाला पाय हलवत बसली होती. तिला हसू येत होतं. पण शाळेत आजीच्या तोंडाला तोंड लागलं की पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ओठ आत घेतले.

आजीनं चाळीस वर्षं शिंप्यांच्या सदऱ्यांना काजं केली होती. स्वतः दुसरीतून शाळा सोडलेली, अक्षरं जोडताना दम लागायचा. पण नात घडाघडा वाचायची. संध्याकाळी आजी काजं घालायची आणि नात हाताला लागेल ते वाचून दाखवायची, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. त्या नातीला वाचलेलं कळत नाही, हे ऐकायला आजीला आज हातातलं काम टाकून यावं लागलं होतं.

"वाचन उत्तम आहे हो तिचं," बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "मिनिटात नव्वद शब्द. पण आकलनात अडते. दहात पाच. सहा लागतात. नाहीतर तिसरीत मागच्या खोलीतल्या गटात बसवावं लागेल, पहिलीच्या मुलांबरोबर."

"मागच्या खोलीत? हिला?" आजीचा आवाज चढला. "दाखवा बघू, कुठं अडली ते."

बाईंनी कार्ड वाचून दाखवलं. म्हातारीची एकुलती कोंबडी हरवते. तीन दिवस ती शोधते. चौथ्या दिवशी शेजारी दोन अंडी आणून देतो. प्रश्न, शेजाऱ्याने अंडी का दिली? नातीचं उत्तर, कोंबडी त्याच्याकडेच होती म्हणून. पुढचा प्रश्न, म्हातारीला काय वाटले? नातीचं उत्तर, तिला सगळं कळलं, पण ती बोलली नाही.

"बरोबरच सांगितलंय की पोरीनं!"

"शेजारी दयाळू होता. म्हातारीला आनंद झाला. अशी उत्तरं आहेत."

"त्याच्या घरी कोंबड्या होत्या असं लिहिलंय का कुठं?"

बाईंनी कार्ड पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही."

त्यानंतरच आजीनं तो अंड्यांचा प्रश्न टाकला होता.

बाई वयानं तिच्या धाकट्या सुनेएवढ्या. त्या रागावल्या नाहीत, हे आजीला जास्त जड गेलं. भांडण आलं असतं तर तिला कळलं असतं कसं वागायचं.

"आजी, उत्तरं कार्डाच्या मागं छापूनच येतात. मी फक्त खूण करते. दुसरं कार्ड आहे, आत्ताच घेऊ या. मात्र तुम्ही बोलायचं नाही."

आजीनं तोंडाला पदर लावला.

नातीनं दुसरं कार्ड वाचलं. एक बाई रोज पहाटे शेजारणीच्या दाराशी पाण्याची भरलेली बादली ठेवते. का ठेवते?

आजीच्या डोक्यात लगेच चक्र फिरू लागलं. काहीतरी भांडण झालं असणार. नाहीतर कधीकाळचे उपकार फेडत असेल. पहाटेच का? तोंड दाखवायचं नसेल. नातीच्याही डोळ्यांत तेच चाललेलं तिला दिसलं. पोरीनं आजीकडे पाहिलं, मग कार्डाच्या पाठीकडे, मग बाईंच्या चेहऱ्याकडे.

"ती दयाळू होती म्हणून."

"शाब्बास! आणि शेजारणीला काय वाटलं?"

"आनंद झाला."

दहात नऊ. नात तिसरीत, पुढच्या खोलीत, मैत्रिणींबरोबर. आजीनं बाईंना हात जोडले. घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगितलं, आमची पास झाली म्हणून. पण आत कुठंतरी दोऱ्याला गाठ पडावी तसं झालं होतं आणि तिचं टोक काही सापडत नव्हतं. आनंदाच्या वेळी हे कसलं खूळ, असं तिनं स्वतःलाच दटावलं.

संध्याकाळी सदरा मांडीवर घेऊन ती बसली. बटणं ज्या वर्तमानपत्रात बांधून आली होती तो तुकडा नातीनं सरळ केला आणि वाचला. कुणा माणसानं गल्लीतला मोडका बाक दुरुस्त करून रंगवला होता. नाव सांगितलं नव्हतं.

"का गं रंगवला असेल?" आजीनं रोजच्यासारखं विचारलं.

"तो दयाळू होता."

"ते झालं शाळेचं. तुला काय वाटतं?"

नातीनं कागद खाली ठेवला. दुपारी बाईंकडे पाहिलं होतं तसं ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आजी, बरोबर उत्तर कुठलंय? ते सांग ना, मी तेच म्हणते."

आजीनं सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं एकदा गेला, दोनदा गेला. रोज अशा वेळी ती नातीला हाक मारायची. आज तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि पुन्हा स्वतःच ओवू लागली.