उरलेली तार

ओगाडाच्या हातात दोन नोकऱ्या होत्या आणि दोन्हींविषयी त्याला सारखंच वाटत होतं. म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

एक होती किसुमू शहरातल्या बँकेत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या गटाचा प्रमुख. गार खोली, भरपूर पगार. दुसरी एका लहान कंपनीत, इंटरनेटच्या काचतारा जोडायची. पगार कमी, काम उन्हात. दोन्हीकडे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

त्याने बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिले होते. मग एका दुपारी कंपनीचं सगळं कामच ठप्प झालं, पडदे लाल झाले, माणसं धावू लागली, आणि ओगाडा चहा पीत बघत बसला. भीती नाही, वाईट वाटणं नाही. बिघाड त्यानेच शोधून दुरुस्त केला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. घाबरली ती त्याची थोरली बहीण अकोथ. तो तिच्याकडेच राहत होता.

“ठरत नसेल तर नाणं उडव,” सकाळी ती म्हणाली.

“उडवलं, ताई.”

“मग?”

“काय पडलं ते बघितलं नाही.”

अकोथने त्याच्यापुढे चहा ठेवला.

तारवाल्या कंपनीची एक पद्धत होती. होकार देण्याआधी माणसाने एक दिवस कामावर येऊन बघायचं. म्हणून तो काकामेगा रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेपाशी गेला. रस्ता खणणाऱ्यांच्या कुदळीने शाळेची तार तुटली होती. तिथली इंजिनिअर नेकेसा खांबाखाली ताडपत्री अंथरून बसली होती.

“या साहेब. एवढे स्वच्छ बूट? तुम्ही लुओ मंडळी खड्ड्यातसुद्धा लग्नाला आल्यासारखे उतरता.”

“आणि तुम्ही लुह्या लग्नात फक्त कोंबडीसाठी येता,” तो सवयीने म्हणाला. दोन जमातींमधली ही जुनी थट्टा होती. नेकेसा हसली. त्याला हसू आलं नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई फाटकापाशी आल्या. “आमच्याकडे भौतिकशास्त्राला शिक्षक नाही. नैरोबीचे सर पडद्यावरून शिकवतात. दुपारी तास आहे. होईल ना?”

“होईल,” नेकेसा म्हणाली.

तिने त्याला एक जोड करून दाखवली. तारेच्या पोटात केसाएवढा काचेचा धागा असतो. त्याचं साल काढायचं, तो पुसायचा, टोक सरळ कापायचं. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र ठिणगी देऊन ती वितळवतं आणि एक करतं. “आणि जोडण्याआधी, जोड झाकायला, ही बारीक नळी धाग्यात ओवायची. जोडल्यावर ती आत जात नाही. कळलं? मी तारेची पलीकडची पेटी बघून येते.”

ओगाडाने धागा कापला. टोक किंचित तिरकं आलं. त्याने पुन्हा कापला. यावेळी जोड झाली, पण यंत्राच्या पडद्यावर तिच्यात एक ठिपका दिसला. तोडून पुन्हा केली. ही अगदी नितळ झाली. मग नळी दिसली. ती ताडपत्रीवरच पडलेली होती. त्याने जोड पुन्हा तोडली. हात शांतपणे चालले होते. करून बघायचं, चुकलं की पुसायचं, पुन्हा करून बघायचं. इतकी वर्षं त्याचं काम असंच चाललं होतं. चुकीने काही खर्च होत नसे.

नेकेसा परत आली तेव्हा धागा यंत्रापर्यंत पोचतच नव्हता.

“तार कुठे गेली?”

त्याने ताडपत्रीकडे बोट दाखवलं. तिथे काचेचे तुकडे चमकत होते.

नेकेसा ओरडली नाही. तिने कपाळ चोळलं. “पेटीत जास्तीची तार एवढीच होती. आता मागच्या खड्ड्यात पुरून ठेवलेली ओढून आणायला हवी. तो बुजवलाय. उकरावा लागेल.” मग ती म्हणाली, “ती फाइल नव्हती रे, साहेब.”

ते दोघं खणायला लागले. माती काळी, चिकट होती. दुपारची घंटा झाली. खड्ड्यातून ओगाडाला वर्गाची खिडकी दिसत होती. मुली वह्या उघडून बसल्या होत्या आणि समोरचा पडदा काळा होता. थोड्या वेळाने त्यांनी वह्या मिटल्या. एक मुलगी खिडकीशी आली आणि खड्ड्याकडे बघत राहिली. ओगाडाने मान खाली घातली. त्याचे कान तापले होते. उन्हानेही तापले असतील.

संध्याकाळी बँकेचा फोन आला तेव्हा तार अजून अर्धी मातीत होती. त्याने हात पँटला पुसले.

“ओगाडा, आम्ही तुमचा होकार धरायचा ना?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“नाही, बाई. मला उद्या एका शाळेत काम आहे.”

“उद्याच यायला हवं असं नाही. पुढच्या महिन्यात—”

“तरी नको. आभारी आहे.”

नेकेसाने कुदळ थांबवली. “मी तुला अजून ये म्हटलेलं नाही.”

“म्हणणार आहेस का?”

“उद्या गमबूट घालून ये. मग बघू.”

रात्री अकोथने मक्याच्या पिठाची उगाली आणि ओमेनाची बारीक मासळी वाढली. त्याने तिला सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली.

“पगार कमी, अंगावर चिखल. तीच का?”

त्याने विचार केला. “तिथे मी जे तोडलं ते तुटलेलंच राहिलं, ताई. मी इथे जेवतोय आणि ते तिकडे तुटलेलं आहे.”

“म्हणजे बरं वाटलं तुला?”

“नाही.”

“वाईट?”

“थोडं.”

अकोथने मान हलवली. जेवण झाल्यावर ती नवऱ्याचे गमबूट घेऊन आली. तो मोम्बासाला कामावर होता आणि त्याचे पाय मोठे होते. ओगाडाने पाय घालून बघितले. पुढे जागा राहत होती. मग तो जमिनीवर बसला आणि जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून एकेक बुटात कोंबू लागला.